बापाच्या छातीची प्लेट

आमच्या वस्तीत माणूस दम्यानं मरतो. निदान कागदावर तरी. दमा नाही तर टीबी, टीबी नाही तर बिडी. चंद्रपूरकडच्या कॉलरीच्या क्वार्टरांत जा, रिटायर्ड लोडरच्या दारात उभे राहा, आतून खोकला ऐकू येईल. आधी काळी थुंकी पडते. मग दोन पायऱ्यांत दम लागतो. मग आडवं होताच येत नाही, उशांना टेकून बसल्या बसल्या रात्र काढायची.

माझा बाप १९७४ ला खदानीत लागला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७३ ला, इथल्या खाणी सरकारच्या झाल्या होत्या. गावकीची कामं लाथाडून तो कोळशात आला. कोळशानं त्याला पगार दिला, क्वार्टर दिलं, आमची शाळा केली. हे मी नाकारत नाही. दीक्षाभूमीला जायचं भाडं त्याच पगारातलं. पण काम काय? टोपली भरायची, टबात ओतायची. टबावर पैसा. म्हणून शॉट फुटला की धूळ बसायची वाट कोण बघतो? तोंडाला गमछा बांधून आत. त्याच्या टोळीत आपलेच लोक, गोंड, छत्तीसगडचे सतनामी. वर ऑफिसात हाजरी लिहिणारे कोण, नकाशे काढणारे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. टोपली जातीनं वाटली होती, तिच्या मागून धूळही तशीच वाटली गेली.

नियम मात्र आहेत. खाणीत घेताना छाती तपासायची, नंतर दर पाच वर्षांनी पुन्हा. बापाची छाती तपासली गेली. प्लेट काढली, 'फिट'चा शिक्का मारला, प्लेट दवाखान्यात राहिली. आम्ही ती कधी पाहिली नाही. मागायला गेलो तेव्हा ती सापडत नव्हती.

ही प्लेट वाचायची एक ठरलेली रीत आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं नमुन्याच्या प्लेटा ठरवून दिल्यात. त्या शेजारी ठेवायच्या, फुप्फुसातले डाग ताडून बघायचे, शून्यापासून तीनपर्यंत दर्जा लावायचा. पण ते शिकलेला डॉक्टर पाहिजे. बाहेरच्या डॉक्टरला डाग दिसला की तो टीबी लिहितो. बापानं दोनदा टीबीचा कोर्स केला. थुंकीत जंतू एकदाही निघाला नाही.

आता पैशाचं बोलू, कारण आमच्या घरात भांडण त्यावर झालं. राष्ट्रीय कोळसा वेतन करारात ९.४.० नावाचं कलम होतं. वस्तीतल्या निरक्षर बायांनाही त्याचा आकडा पाठ. कामगार आजारानं कायमचा निकामी होऊन नोकरीला मुकला, तर त्याच्या घरातल्या एकाला नोकरी. त्याला आमच्याकडं 'मेडिकल अनफिट' म्हणतात. म्हणजे बापाचं फुप्फुस द्यायचं आणि पोराची हाजरी घ्यायची. माझा मोठा भाऊ दहावी होऊन घरी बसला होता. माय रोज म्हणायची, "तुमचा दम गेला तो गेला. पोराचं तरी होऊ द्या."

बाप म्हणायचा, "अन् त्यानं बी तीच धूळ खायाची का?"

शेवटी गेला. मेडिकल बोर्डापुढं शर्ट काढून उभा राहिला. बोर्डानं विचारलं, बिडी ओढता? तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. हो म्हणाला. झालं. बिडीचा खोकला. फिट.

मित्रहो, कोळसा खाणीत खाली बिडी-काडी न्यायला बंदी असते. भडका होईल म्हणून गेटावर झडती घेतात. म्हणजे पाळीचे आठ तास बापाच्या छातीत बिडी जात नव्हती, कोळसाच जात होता. हे बोर्डाला माहीत नव्हतं असं कोण म्हणेल?

कायदा नाही असं नाही. कोळसा खाणकामगाराचा न्यूमोकोनिओसिस हा १९५२ च्या खाण कायद्याखाली कळवावा लागणारा रोग होता. डॉक्टरनं तो खाण निरीक्षणालयाला कळवायचा. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यातही धुळीच्या रोगांची यादी होती. तो कायदा पुढं २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातला. पण कुठलाही कायदा घ्या, रोगाला नाव मिळाल्याशिवाय तो जागा होत नाही. आणि नाव द्यायचं कोणी? मालकाच्या डॉक्टरनं. दमा म्हटलं की भरपाई नाही. न्यूमोकोनिओसिस म्हटलं की आहे. सगळा खेळ एका शब्दाचा.

हा खेळ अमेरिकेतल्या खाणकामगारांनी कसा उलटवला ते वाचलं तेव्हा मी रात्रभर झोपलो नाही. २० नोव्हेंबर १९६८ ला वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनला खाणीत स्फोट होऊन ७८ माणसं मेली. लोक पेटले. तीन डॉक्टर, बफ, रासमुसेन आणि वेल्स, गावोगाव सभा घेऊन सांगू लागले की हा दमा नाही, ही काळी फुप्फुसं आहेत. फेब्रुवारी १९६९ मध्ये तिथल्या चाळीसेक हजार कामगारांनी काम टाकलं. कायदा नाही तर काम नाही. युनियनचे वरचे पुढारी त्यांच्या मागं नव्हते, हेही ध्यानात ठेवा. मार्चमध्ये राज्याचा कायदा झाला, वर्षअखेर केंद्राचा. १९७२ च्या दुरुस्तीनं दोन गोष्टी झाल्या. नुसत्या प्लेटवर दावा फेटाळता येणार नाही. आणि जमिनीखाली पंधरा वर्षं काढलेला माणूस श्वासानं पूर्ण निकामी झाला, तर तो खाणीनंच झाला असं कायदा धरून चालेल. नाही म्हणायचं असेल तर कंपनीनं सिद्ध करावं. म्हणजे बोर्डापुढं कंपनीनं शर्ट काढायचा! १९८१ ला मालकांच्या बाजूच्या सरकारनं हे पंधरा वर्षांचं कलम काढून घेतलं. २०१० ला ते परत आलं. मधली एकोणतीस वर्षं जी माणसं दावा हरली, त्यांचं काय, हे कोणी विचारत नाही.

त्याच वेस्ट व्हर्जिनियात १९३०-३१ साली हॉक्स नेस्टचा बोगदा खोदला. खोदणारे बहुतेक काळे. सिलिकाच्या धुळीनं शेकड्यांनी मेले. बोगदा युनियन कार्बाइडच्या उपकंपनीसाठी होता. हे नाव भोपाळवाल्यांनाही माहीत आहे.

अमेरिकेत १९७८ पासून कोळशाच्या दर टनावर कर बसवून निधी केला. जबाबदार कंपनी बुडाली तर त्यातून माणसाला पैसे मिळतात. टनावर कर हे ऐकून मला आपलेच आठवले. बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादला गेले, स्वतः खाणीत उतरले. जानेवारी १९४४ ला कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या टनावर पट्टी, तिच्यातून दवाखाने, घरं, पाणी. जयंतीला आपण घटना सांगतो, महाड सांगतो. हे कितीजण सांगतात? तो निधीचा कायदा १९८६ ला रद्द झाला, कल्याण कंपन्यांच्या हाती गेलं.

बाप २०१३ ला रिटायर झाला, २०१७ ला गेला. दाखल्यावर लिहिलंय, श्वसनक्रिया बंद पडल्यानं मृत्यू. कोणाची चालू ठेवून मृत्यू येतो?

भाऊ आता उघड्या खाणीत ठेकेदाराच्या डंपरवर आहे. करार त्याला लागू नाही, कलम नाही. धूळ आहे. गेल्या वर्षी आम्ही पदरचे पैसे घालून त्याची प्लेट शहरात काढली. तिच्यावर नाव आहे, तारीख आहे, आणि ती आमच्या पेटीत आहे. वस्तीतल्या अकरा घरांनी तसंच केलंय. तुमच्या भागात खदान, गिट्टीची क्रशर, सिमेंटचं काम असेल तर आधी हाजरीकार्ड, पगाराची चिठ्ठी आणि प्लेट घरात आणून ठेवा. डॉक्टर आपण नंतर शोधू.