चार महिने अडलेला डाव

आज पुन्हा २००८ सालचा तो निर्णय आठवला. लास व्हेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा जुलैत नऊ जणांवर आणून थांबवली आणि अंतिम फेरी थेट नोव्हेंबरात! टीव्हीसाठी उत्सुकता ताणायची, हे उघडच. पण चिप्स मोजून, प्लास्टिकच्या पिशवीत सील करून गेलेला माणूस चार महिने करणार काय? शिकवणी लावणार, समोरच्यांचे डाव टीव्हीवर बघून घोकणार. जुलैतला बुजरा गडी नोव्हेंबरात भलताच निघायचा. मला नाही पटलं. तांबारलेल्या डोळ्यांनी, अर्धवट झोपेत पत्ते टाकायचे की ठेवायचे, हाही खेळच ना? प्रायोजक शोधायला सवड मिळाली, ते मात्र खेळाडूंच्या पथ्यावर पडलं. २०१७ मध्ये हा प्रकार एकदाचा मोडला. त्या वर्षी दोन दिवस विश्रांती, की बसा पुन्हा टेबलाशी.