सान्तियागोतली आषाढी

घरातले लेकरू शिकायला परदेशी निघाले की माळकरी घरात एक प्रश्न हमखास उठतो : तिकडे माळ टिकेल का? स्पेनमधल्या गलिसिया प्रांतात सान्तियागो दे कोम्पोस्तेला नावाचे गाव आहे. तिथल्या विद्यापीठाची सुरुवात १४९५ सालची. तिथे मी एक वर्ष शिकले, म्हणून सांगते.

पहिली कसोटी ताटाची. तिथे दुपारचे जेवण दोन-तीनला आणि रात्रीचे नऊनंतर. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. मसुराच्या आमटीत डुकराच्या मांसाचे तुकडे निघतात, कोशिंबिरीत मासा निघतो. त्यांच्या मते ते ‘मांस’ नव्हेच. म्हणून एकेक नाव घेऊन नको म्हणायला शिकले. कोणी रागावले नाही. एकादशीला मात्र अडचण आली नाही. बटाटा हे तिथले रोजचे अन्न. कार्तिकीच्या सुमारास तर रस्त्यावर गरम चेस्टनट भाजून मिळतात. चव थोडी आपल्या शिंगाड्यासारखी.

भाषेतही एक गोड गोष्ट सापडली. आपल्यासारखेच त्यांच्यातही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ असे दोन शब्द आहेत. परक्या थोरामोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणतात, पण प्रार्थनेत देवाला ‘तू’. आपण विठ्ठलाला एकेरीच हाक मारतो ना, तसेच.

दुसरी कसोटी आषाढीची. परीक्षा जुलैत आल्या आणि माळ घातल्यापासूनची माझी पहिली वारी चुकणार हे ठरले. अप्पा, म्हणजे आजोबा, फोनवर एवढेच म्हणाले, “हरिपाठ चुकवू नकोस.”

माउली, हे गावही यात्रेचेच. संत याकोबाच्या समाधीसाठी लोक शेकडो किलोमीटर चालत येतात. पाठीवर पडशी, तिला शिंपला बांधलेला, हातात काठी. मुक्कामाच्या ठिकाणी पुस्तिकेवर शिक्के घेतात. किमान १०० किलोमीटर चालल्याचे दिसले की प्रमाणपत्र मिळते. एकादशीच्या संध्याकाळी मी मोन्ते दो गोसोवर, म्हणजे ‘आनंदाच्या टेकडी’वर गेले. देवळाचे मनोरे यात्रेकरूंना पहिल्यांदा दिसतात ते तिथून. तिथून गाव सुमारे ५ किलोमीटर. हरिपाठ म्हणत त्यांच्याबरोबर उतरले.

पायाला फोड आलेल्या एका आजींनी विचारले, “काय म्हणतेस?” मी वारीचे सांगितले. आजोबा दरवर्षी चालतात म्हटल्यावर त्या थांबल्याच. “दरवर्षी? पहिल्या खेपेला काय राहून गेले होते?”

मी म्हटले, “तुमची मुलगी माहेरी एकदाच येते का?”

त्या हसल्या आणि माझा हात धरून चालू लागल्या. देवळासमोरच्या ओब्रादोइरो चौकात पोचलो तर अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती, कोणी दगडी फरशीवर बसून नुसते कळसाकडे पाहत होते. आमच्याकडे अशा वेळी एकमेकांच्या पाया पडतात, हे मी आजींना सांगितले. डोळे भरून आले होते.

ती वारी नव्हती, माउली. चुकलेली वारी चुकलीच. दुसरे देऊळ पाहून तिची भरपाई होत नाही. पण ओढ तेवढीच होती, किंबहुना जास्त, आणि हरिपाठ तोंडपाठ होता म्हणून ती ओढ एकटी पडली नाही.

तेव्हा तुमचे लेकरू निघाले असेल तर धास्ती घेऊ नका. त्याला वरण-भात रांधता येऊ द्या, न रागावता ‘नको’ म्हणता येऊ द्या आणि जायच्या आधी रोज संध्याकाळी शेजारी बसवून हरिपाठ पाठ करून घ्या. सामानात त्याचे वजन होत नाही.