ओनामा

निपाणीतल्या आमच्या घराला लागून एका कानडी अक्कांचं घर होतं. नातवाला अजून ओनामाही येत नाही, म्हणून त्या अंगणात त्याच्यावर ओरडायच्या. त्या अख्ख्या वाक्यात मला कळायचा तो एवढा एकच शब्द. आणि तोही पुरता कळत नव्हता. आमच्या घरी ओनामा व्हायचा तो नव्या दुकानाचा, विहिरीच्या खोदाईचा. अक्कांच्या तोंडी मात्र तो अजून अक्षरांचाच होता. तेलुगूत तर 'ओनमालु' म्हणजे थेट मुळाक्षरं.

मूळची ओळ 'ॐ नमः सिद्धम्'. पंतोजी धूळपाटीवर आधी ती गिरवून घेत, मग अ-आ. अर्थ न कळता घोकणाऱ्या पोरांच्या तोंडी तिचं ओ-ना-मा-सि-धं झालं. मला हा अपभ्रंश फार प्रिय आहे, कारण तो पंडितांनी नव्हे, मुलांनी घडवला. जैन कानाला त्या ओळीत सिद्धांना, म्हणजे मुक्त जीवांना, केलेलं वंदन ऐकू येतं. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती 1204 सालची, निपाणीजवळ स्तवनिधीचं तीर्थ. या मुलखात ते वंदन परकं कधीच नव्हतं. पुढे मराठी पाट्यांवर श्रीगणेशाय नमः आलं आणि 'श्रीगणेशा' हाही सुरुवातीचाच शब्द झाला.

आपण त्या ओळीचा पुढचा तुकडा ठेवला. मागचा फार लांब गेला. भारतातली मुलं सहाव्या वर्षी 'सिद्धं' शिकू लागतात, असं चिनी भिक्षू इ-त्सिंगनं सातव्या शतकात लिहून ठेवलंय. बौद्ध मंत्रांबरोबर ते नाव चीनमार्गे जपानात पोचलं, आणि तिथे मंत्र लिहिण्याच्या त्या भारतीय लिपीला अजूनही 'शित्तान' म्हणतात.

मराठी पाटीसाठी मी बेळगावात भांडले आहे, पुढेही भांडेन. आपल्या अक्षरांत आपल्या गावाचं नाव वाचायला मिळावं, एवढं मागणं फार मोठं नाही.

अक्का आता नाहीत. परवा त्यांच्या पणतूची पाटी पाहिली. कन्नड अ, आ, इ, ई. वळणं निराळी, क्रम आमचाच. ए मात्र त्यांच्याकडे दोन, ऱ्हस्व आणि दीर्घ. ऱ्हस्व मला साधेना. त्यानं तो तीनदा म्हणून दाखवला, मग पाटी माझ्याकडे सरकवून पेन्सिल हातात दिली.