आधी टेपर, मग टिप

क्यू बनवून घ्यायला आलेला माणूस बसल्या बसल्या टिपचं नाव सांगतो. कामुई हवी आहे, पण सॉफ्ट घ्यावी की मीडियम ते ठरत नाही. मित्र म्हणतो एव्हरेस्ट लाव. जुन्या क्यूवर एल्क मास्टर होती, ती बरी वाटायची. टिपवर तो तासभर बोलू शकतो. मग मी विचारतो, शाफ्टचा टेपर कसा हवा? तिथे गाडी अडते. माझ्या मते विचार उलट्या क्रमाने व्हायला हवा. टिप नाही जमली तर अर्ध्या तासात काढून दुसरी लावता येते. टेपर एकदा लेथवर उतरला की उतरला. लाकूड काढता येतं, परत लावता येत नाही.

क्यूच्या पुढच्या अर्ध्या भागाची, म्हणजे शाफ्टची, जाडी टोकाकडून जॉइंटकडे कशी चढत जाते, तो टेपर. पूल क्यूचा शाफ्ट साधारण 29 इंच लांब असतो, टोकाला 12.75 ते 13 मिलिमीटर, जॉइंटला 21 च्या थोडा पुढे. ही दोन मापं बऱ्याच क्यूंमध्ये जवळपास सारखीच सापडतात. क्यू हातात घेतल्यावर जे वेगळेपण जाणवतं ते मधल्या लाकडात असतं. जाडी टोकापासून एकसारखी चढत गेली तर तो सरळ शंकू. युरोपात थ्री-कुशन खेळणारे असाच शाफ्ट वापरतात. अमेरिकन पूलमध्ये रुळलेला प्रो टेपर वेगळा. त्यात पहिल्या 10 ते 14 इंचांत जाडी जवळजवळ तीच राहते आणि उरलेल्या लांबीत भराभर चढते.

शंकूचा हिशोब करून पाहा. 29 इंचांत 8 मिलिमीटर चढायचे, म्हणजे 8 इंचांच्या स्ट्रोकमध्ये शाफ्ट दोन मिलिमीटरहून जास्त जाड होतो. तर्जनीचं कडं करून खेळणाऱ्याला, म्हणजे क्लोज्ड ब्रिजवाल्याला, हे लगेच कळतं. क्यू पुढे जाताना कडं सैल करावं लागतं, मागे येताना तेच कडं मोठं पडतं आणि शाफ्ट आत डुगडुगतो. प्रो टेपरमध्ये बोटाला स्ट्रोकभर एकच जाडी लागते. त्याची किंमत मधल्या भागात मोजावी लागते: तिथलं लाकूड बारीक राहतं, जोरात मारलं की लवतं, आणि ती थरथर मागच्या हातापर्यंत येते. काहींना ती थरथर हवीच असते, काहींचं तिच्यावाचून काही अडत नाही.

आपल्याकडचे बरेच चांगले हात मात्र स्नूकरवर तयार झालेले आहेत. साहजिक आहे. स्नूकर 1875 साली जन्मलं तेच मुळी जबलपूरच्या लष्करी छावणीत, आणि 1958 साली हौशी बिलियर्ड्सचं जागतिक अजिंक्यपद मिळवणारे विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले. जिमखान्यात हात बसतो तो अ‍ॅशच्या क्यूवर: टिपखाली पितळी टोपी (फेरूल), साडेनऊ-दहा मिलिमीटरची टिप, टोकापासून बुडापर्यंत एक अखंड चढ आणि बोटाचं कडं न करता धरलेला ओपन ब्रिज. असा मुलगा पूलकडे वळला की हटकून 11.8 चा शाफ्ट मागतो. टिप बारीक असली की बॉलवर नेमकं कुठे लागणार ते दिसतं, असं तो सांगतो. हे म्हणणं मला पटतं. डोळ्याची सवय ही खरी गोष्ट आहे. पण पूलचा बॉल 57.15 मिलिमीटरचा, स्नूकरचा 52.5 चा, आणि वजनातही पूलचा भारी. 11.8 च्या टोकावर लांब प्रो टेपर उतरवला तर ब्रेकच्या वेळी शाफ्ट हातात जिवंत मासळीसारखा होतो. अशा खेळाडूला मी टोक बारीकच देतो, पण चढ टोकापासूनच सुरू करतो. त्याचा ब्रिज ओपन असल्याने जाडी वाढलेली त्याला जाणवत नाही आणि ताठपणा मात्र मिळतो.

कुणाला कसा टेपर द्यायचा ते ठरवण्यासाठी मी ग्राहकाला जुना क्यू आणायला सांगतो. तोंडी सांगितलेल्या आवडीपेक्षा जुना शाफ्ट जास्त खरं बोलतो. आपल्या हवेत, विशेषतः मुंबई-गोव्याकडे, हाताला घाम येतो, शाफ्ट चिकटतो, आणि माणूस पॉलिश पेपर घेऊन घासत सुटतो. पार्लरमध्ये तर हे रोजचंच. प्रत्येक वेळी थोडं लाकूड जातं. असा शाफ्ट मी खिडकीकडे धरतो आणि नखाने टोकापासून मागे येतो. फेरूल संपून लाकूड सुरू होतं तिथे नख अडतं: लाकूड खाली गेलेलं आणि फेरूल वर राहिलेलं. मग व्हर्निअर इंच-इंच सरकवत न्यायचा. सहा-सात इंचांवर जाडी वाढायच्या ऐवजी कमी होते, पुढे दोन-तीन इंच तशीच राहते आणि मग एकदम चढते. ती खोलगट जागा म्हणजे त्या माणसाच्या ब्रिजच्या हाताची नेहमीची जागा. तिच्यावरून त्याचा स्ट्रोक किती लांब आहे ते कळतं, आणि नव्या शाफ्टचा सपाट भाग कुठपर्यंत न्यायचा तेही ठरतं. ब्रुकलिनमध्ये 1959 ते 1975 क्यू बनवणारे जॉर्ज बलाबुश्का यांच्या क्यूंना संग्राहक आज मोठी किंमत देतात, पण मूळ जाडी टिकून राहिलेला शाफ्ट त्यांतही दुर्मीळ. क्यूचा मागचा भाग, म्हणजे बट, जपली जाते, शाफ्ट घासले जातात. घासायची सवय सुटतच नसेल त्याला मी सरळ कार्बन फायबरचा शाफ्ट घ्यायला सांगतो. मेपलला कोरडं फडकं आणि फार तर चामड्याचा तुकडा पुरतो.

शाफ्टचं लाकूड म्हणजे उत्तर अमेरिकेतला हार्ड मेपल. सरळ रेषांचं, रेषा टोकापासून जॉइंटपर्यंत बाजूला न निसटणारं. चौकोनी पट्टी गोल करून टांगून ठेवायची, मग काही आठवड्यांनी काही थाऊ काढायचे, पुन्हा टांगायचं. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. लेथवरच्या प्रत्येक फेरीनंतर, म्हणजे पासनंतर, लाकडातला ताण मोकळा होतो आणि वाकायचं असेल ते वाकतं. वाकलेलं बाजूला काढायचं. घाईने उतरवलेला शाफ्ट हे वाकणं ग्राहकाच्या घरी करतो. शेवटचा पास मी पावसाळ्यात घेत नाही. जुलैत लाकूड ओलावा पिऊन फुगलेलं असतं. त्या अंगावर माप घेतलं तर मार्चमध्ये ते माप राहत नाही.

साध्या लेथवर टेलस्टॉक सरकवला तर सरळ शंकू मिळतो. जाडी आधी रेंगाळणारी आणि मग चढणारी हवी असेल तर तसा आकार दिलेली पट्टी लागते, तिच्या कडेने कटर चालतो. कटरही फिरत्या पात्याचा हवा, कारण लांब बारीक लाकडावर साधं टूल टेकवलं की लाकूड मागे पळतं आणि अंगावर लाटा उठतात. माझी आवडती पट्टी दोन्हींच्या मधली आहे: पहिल्या 12 इंचांत 20 थाऊचा, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा चढ, आणि पुढे एकसंध वळण. बोटाला तो चढ लागत नाही, मधला भाग मात्र भरलेला राहतो.

आता साइड, म्हणजे बॉलला आडवी फिरकी, लावण्याबद्दल, कारण बारीक टोकाचा हट्ट बहुधा त्यासाठीच असतो. बॉल मध्याच्या बाजूला मारला की तो क्यूच्या रेषेत न जाता किंचित उलट बाजूला निसटतो. टिप बॉलला साधारण एक हजारांश सेकंद चिकटलेली असते. तेवढ्या वेळात शाफ्टचे पुढचे काही इंचच या आडव्या धक्क्यात सामील होतात. त्या इंचांचं वजन जितकं कमी तितकं निसटणं कमी. प्रिडेटर या क्यू बनवणाऱ्या कंपनीने 1990 च्या दशकात शाफ्टचं टोक आतून पोकळ करून हेच साधलं. म्हणजे मधला भाग ताठ ठेवून पुढचं टोक आणि फेरूल हलकं ठेवता येतं. लवचिक शाफ्ट म्हणजे कमी निसटणारा शाफ्ट, हा समज सोडून द्यावा. आणि साइड किती मिळेल ते टिप कुठे लागते यावर ठरतं. कोरिओलिस या फ्रेंच गणितज्ञाने 1835 च्या बिलियर्ड्सवरच्या ग्रंथात दाखवलं होतं की बॉलच्या मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्यावर मारलं की सर्वाधिक साइड मिळते. टिपचा व्यास त्या हिशोबात कुठेच येत नाही.

म्हणून टिपबद्दल मी मोकळा असतो. डुकराच्या कातड्याचे पातळ थर चिकटवून केलेली मीडियम टिप बहुतेकांना पुरते. ताठ शाफ्टवर थोडी मऊ लावली तर हाताला बसणारा ठोका सौम्य होतो. लवणाऱ्या शाफ्टवर कडक टिप बरी, नाहीतर सगळंच गुळमुळीत लागतं. मऊ टिप चॉक छान धरते, पण कडेने लवकर पसरते आणि पुन्हा पुन्हा छाटावी लागते. टिपची गोलाई अमेरिकेत निकल नाण्याशी ताडतात. आपला रुपया त्या जवळ जातो. टिप सपाट होऊ दिली तर महागडा शाफ्टही कडेने मारताना घसरतो. चिकटवल्यावर कड फेरूलशी समपातळीत छाटायची, तिला पाण्याचं बोट लावायचं आणि लेथ फिरत असताना चामडं दाबून धरायचं. कड काळसर चकाकू लागली की ती लवकर पसरत नाही.

काम झालं की शाफ्टची इंचागणिक जाडी, वजन आणि टिपची जात वहीत लिहून ठेवतो. ज्याला परवडतं त्याला एकाच वेळी दोन शाफ्ट घ्यायला सांगतो: एकाच पट्टीवर, एकाच महिन्यात उतरवलेले, वजनात दोन-तीन ग्रॅमच्या आत. दोन्हींना वेगवेगळ्या टिपा लावून महिनाभर खेळायचं. कोणती टिप हवी ते तेव्हा कळतं, कारण तेव्हा बदललेली असते ती फक्त टिप.