आदिप्रकाशातली वाट

पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावते, सूर्य तिला सोबत घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो. पण खुद्द आकाशगंगा कुठे निघाली आहे? दूरच्या दीर्घिकाही आपापल्या ओढीने सरकत असतात. त्यांच्यावरून वेग ठरवावा, तर आधी त्यांचाच वेग ठाऊक हवा.

ही अडचण सोडवली विश्वातल्या सर्वांत जुन्या प्रकाशाने. विश्व जेमतेम ३,८०,००० वर्षांचे असताना हा प्रकाश मोकळा झाला. १९६४ मध्ये न्यू जर्सीत पेंझियास आणि विल्सन या खगोलशास्त्रज्ञांच्या अँटेनात तो हटता न हटणारी खरखर होऊन उमटला. आज त्याचे तापमान २.७२५ केल्विन उरले आहे आणि कोणत्याही दिशेला पाहा, ते जवळजवळ सारखेच भरते.

सारे मर्म त्या ‘जवळजवळ’मध्ये आहे. निरीक्षक ज्या दिशेने जात असतो, तिकडून येणाऱ्या लहरी आखडतात आणि आकाश किंचित ऊबदार भासते. मागच्या बाजूला लहरी ताणल्या जाऊन आकाश थंड भासते. हा फरक सरासरीच्या दोन्ही बाजूंना केल्विनच्या हजारांशाने मोजावा इतका, ३.३६ मिलिकेल्विन. तो खात्रीने टिपण्यासाठी स्मूट, गोरेन्स्टाइन आणि म्युलर या शास्त्रज्ञांनी हेरगिरीसाठी बनलेले यू-२ विमान वापरले. विमानाच्या पाठीवर दोन शिंगाकृती अँटेना आभाळाच्या दोन भागांकडे रोखलेल्या असत. मधूनमधून त्यांच्या जागांची अदलाबदल होई, म्हणजे उपकरणाचा स्वतःचा दोष आकाशाच्या माथी बसत नसे. इतकी निगुतीची मोजणी क्वचितच पाहायला मिळते. १९७७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

आजच्या मोजणीनुसार सूर्यमाला सेकंदाला ३७० किलोमीटर वेगाने सिंह आणि चषक तारकासमूहांच्या सीमेकडे चालली आहे. दिवसाला सुमारे ३ कोटी २० लाख किलोमीटर. सूर्याची आकाशगंगेतली फेरी सध्या बरीचशी याच्या उलट दिशेने, हंस तारकासमूहाकडे होते आहे. ती वजा केली की आकाशगंगा आणि तिच्या शेजारच्या दीर्घिकांचा समूह सेकंदाला ६०० किलोमीटरहून अधिक वेगाने वासुकी तारकासमूहाच्या रोखाने ओढला जाताना दिसतो. ही ओढ त्या बाजूला दाटलेल्या वस्तुमानाची आणि विरुद्ध बाजूच्या विरळ पोकळ्यांची.

यामुळे सापेक्षतावादाला धक्का लागत नाही. निसर्गाचे नियम सर्वांना सारखेच राहतात. वेग कळतो तो फक्त या प्रकाशाच्या तुलनेत.

पृथ्वीची वार्षिक प्रदक्षिणाही तापमानाच्या या फरकात उमटते. डिसेंबरमध्ये तिचा वेग सूर्याच्या वेगात मिळून सेकंदाला ४०० किलोमीटरच्या घरात जातो, जूनमध्ये ३४० पर्यंत उतरतो. प्रदक्षिणेचा वेग अचूक ठाऊक असल्याने हाच प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या उपकरणांचे मोजमाप याच चढउतारावरून पक्के केले गेले.