बांधावरची तार

गेल्या पावसाळ्यात आमच्या मक्यात रानडुकरं शिरली आणि माझ्या डोक्यात कायदा शिरला. दोन्ही गोष्टी एकाच पंधरवड्यातल्या. त्यातली कुठली घराला जास्त महाग पडली, याचा हिशेब अण्णा अजून मांडतात.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अण्णा चौथीपर्यंत शिकले, आईला अक्षरओळख नाही. एकरभर मका होता आणि त्याच्या पैशातून माझ्या वसतिगृहाचा दुसरा हप्ता भरायचा होता. कणसं भरायला लागली नि डुकरांनी एका रात्रीत चार-पाच ओळी आडव्या केल्या. रविवारी मी घरी गेले तेव्हा पडवीत तारेचं नवंकोरं वेटोळं पडलेलं होतं. "रात्री मोटारीच्या पेटीतनं करंट सोडायचा. एक डुक्कर पडलं की बाकीची फिरकणार नाहीत," अण्णा म्हणाले.

त्याच सुमारास आमचे राज्यशास्त्राचे सर 'हक्क' शिकवत होते. हक्क मोडला तर दाद कुठं मागायची, असं मी विचारलं. सरांनी उत्तराऐवजी ग्रंथालयातलं एक जाड इंग्रजी पुस्तक हातात ठेवलं. विषय होता 'टॉर्ट', म्हणजे अपकृत्य. हा शब्द मुळात 'वाकडं' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला. आपणही म्हणतोच की, 'कुणाच्या वाकड्यात शिरू नये'! शब्दकोश उशाशी घेऊन मी रोज चार-पाच पानं वाचू लागले.

फौजदारी गुन्ह्यात सरकार शिक्षा करायला उभं राहतं. अपकृत्यात ज्याचं नुकसान झालं तो स्वतः भरपाई मागतो. आपल्याकडे या विषयाचा एकच एक लिखित कायदा नाही. इंग्रजी न्यायालयांच्या निकालांतून तो वाढला आणि आपल्या न्यायालयांनी तो पारखून घेतला. त्यातली काही अपकृत्यं जाणूनबुजून केलेली असतात. मारायला हात उगारून समोरच्याला आता मार बसणार असं वाटायला लावणं हे एक, प्रत्यक्ष हात लावणं हे दुसरं. कुणाला डांबून ठेवणं आणि दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीवाचून शिरणं हीही त्यातलीच. मनात वैर असावं लागतं असं नाही. आपलंच रान समजून शेजाऱ्याच्या रानात पाय टाकला, तरी ते अतिक्रमणच.

पण कायदा दुसरी बाजूही ऐकतो. फडात उतरलेल्या पैलवानाला आपटलं म्हणून दावा लागत नाही, कारण त्याची संमती असते. अंगावर आलेल्याला अडवणं हे स्वसंरक्षण. आग विझवायला परक्याच्या अंगणात शिरणं ही निकड. आपली मालमत्ता राखण्याचाही हक्क आहे. मात्र बचाव संकटाच्या मापाचा हवा. ढकलून भागत असेल तिथं कुऱ्हाड चालवता येत नाही.

हे वाचताना मला सारखी पडवीतली तार दिसत होती. आणि मग १८२८ सालचा एक इंग्रजी खटला सापडला. एका माणसाच्या बागेतली ट्युलिपची फुलं आणि कंद चोरीला गेले. त्यानं बागेत तारा ताणल्या आणि तारेला धक्का लागताच आपोआप उडणारी बंदूक बसवली. पाटी लावली नाही, कारण त्याला चोर पकडायचा होता. शेजारची लांडोर उडून त्या बागेत गेली. तिच्यामागं धावणाऱ्या मोलकरणीची तारांबळ पाहून एक मुलगा मदतीला भिंत ओलांडून आत उतरला. गोळी त्याच्या गुडघ्याला लागली. मुलाचं वय एकोणीस, माझ्याएवढंच! बागवाल्याचं नुकसान खरं होतं, मुलगा न विचारता शिरला हेही खरं होतं. तरी न्यायालयानं भरपाई मुलाला दिली.

दुसरा खटला आपल्याच देशातला, बिहारचा. तो फौजदारी होता आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६४ च्या निकालसंग्रहात छापलेला आहे. शेजारणीच्या संडासाची भिंत पडली, म्हणून ती दुसऱ्याच्या संडासात जाऊ लागली. मालकानं तिथं उघडी तार लावून वीज सोडली. बाई गेली. ती आमच्या जागेत शिरली होती, आम्ही मालमत्ता राखत होतो, असा बचाव झाला. न्यायालयानं तो मानला नाही. न विचारता शिरलेला माणूसही माणूसच असतो. त्याला इजा व्हावी म्हणून सापळा लावता येत नाही.

पुढच्या रविवारी मी हे सगळं अण्णांना सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पोरी, पुस्तकातलं डुक्कर मका खात नाही. आपल्या रानात आपण तार लावली, तर कुणाला विचारायचं?"

"अण्णा, पहाटे बांधावरनं कोण जातं?"

ते गप्प झाले. वस्तीवर संडास बांधलेत, पण पाण्याची बोंब. अंधार असतानाच बाया आमच्या बांधावरून ओढ्याकडं जातात. पुरुषांना हे ठाऊक असतं, पण त्यावर कुणी बोलत नाही. मीही अण्णांसमोर पहिल्यांदाच बोलले.

"मग पाटी लावू. वाचून माणूस लांबनं जाईल."

इथं मी अडखळले. कारण पुस्तकात तोही खटला होता. १८२० साली एकजण बंदूक आहे हे माहीत असूनही रानात शिरला, आणि त्याला भरपाई मिळाली नाही. धोका ठाऊक असून पत्करला, म्हणजे संमती. अण्णांचा मुद्दा कायद्याला अगदीच सोडून नव्हता.

चुलीपाशी बसलेली आई तेवढ्यात म्हणाली, "पाटीवर काय लिवलंय ते मला सांगाल का वाचून? का त्या अंधारात मीच वाचायची?"

माझं जाड पुस्तक जे सांगू शकलं नाही ते आईनं सांगितलं. कळल्याशिवाय संमती कसली! आमच्या वस्तीवरच्या निम्म्या बायांना अक्षर येत नाही.

तार लागली नाही. त्या हंगामात अण्णांनी आणि धाकट्या भावानं माळ्यावर बसून पत्र्याचे डबे बडवत रात्री काढल्या. तरी निम्मा मका गेला. वसतिगृहाचा हप्ता दोन महिने उशिरा भरला आणि आईच्या कानातलं त्यासाठी गहाण पडलं. यंदा तिघा शेतकऱ्यांनी मिळून झटका मशीन घेतलंय. त्यानं हिसका बसतो, जीव जात नाही.

अण्णांनी एकदा विचारलं, "तुझ्या पुस्तकात डुकरानं खाल्लेल्या मक्याचं काय लिवलंय?" रानडुकराला मालक नाही, म्हणून दावा लावायला समोर कुणी नाही. वनखात्याकडं अर्ज करायचा, पंचनाम्याची वाट बघायची. हे सांगताना माझा आवाज खाली आला. कायद्यानं त्या बायांचा जीव राखायला सांगितलं ते योग्यच, पण त्याची किंमत माझ्या बापानं एकट्यानं का भरावी, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. ते मी शोधते आहे.

तोवर बांधावरून बाया पहाटे जातात. सुट्टीत घरी असले, की मीही त्यांच्यात असते.