दहा ते पन्नास रुपये

पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी कलम वाचून दाखवलं, तेव्हा मला वाटलं की त्यांच्याकडचं पुस्तक जुनं असणार. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडला तर पंचवीस ते शंभर, नाहीतर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पुस्तक जुनं नव्हतं. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा १९६०चा कायदा आजही याच आकड्यांवर चालतो.

प्रकरण वरातीचं. वैशाखातली भर दुपार, पुढे डीजे, मागे नवरदेवाची घोडी. नाच संपत नाही म्हणून ती उन्हात एकाच जागी उभी. कोणीतरी तिच्या पायांशी फटाक्यांची माळ लावली. घोडी बिथरली आणि घोडेवाल्याने लगाम असा खेचला की तिच्या तोंडातून रक्त आलं. मी पुढे होऊन पाहिलं. तोंडात जाणाऱ्या लोखंडी कडीला काटे होते.

काटेरी लगामाला त्या कायद्याखालच्या १९६५च्या नियमांनी स्पष्ट बंदी आहे, स्वारीच्या जनावरासाठीसुद्धा. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जनावरांकडून ओझं वाहून घ्यायचं नाही, हेही त्याच नियमांत आहे. म्हणजे कागदावर सगळं होतं.

ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘घोडी तुमची आहे का?’ दुसरा, ‘मग तुमचं काय नुकसान झालं?’ तक्रार घ्यायला नकार नव्हता, पण गुन्हा अदखलपात्र. एनसी होईल; तपास करायचा तर न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागेल. छळाची व्याख्या करणाऱ्या त्या कायद्याच्या कलम अकरामधले मोजके प्रकार दखलपात्र आहेत, मारहाण आणि अतिश्रम त्यांत नाहीत. मी म्हटलं, निदान घोडीला डॉक्टरकडे न्या, जखमेचा दाखला घ्या, ती कडी जप्त करा. साहेब बंदोबस्तावर आहेत, थांबा. मी थांबले. साहेब आले, त्यांनी नीट ऐकून घेतलं, एक शिपाई पाठवला. तोवर घोडी दुसऱ्या वरातीला गेली होती. त्याच लगामानिशी, तोंडात ताजी जखम असताना! याचा राग अजून उतरलेला नाही. रक्त दिसतंय, नियम माहीत आहे, माणूस समोर आहे, आणि तरीही घोडीला एका संध्याकाळची सुटका मिळू नये?

२०१४च्या जल्लिकट्टू निकालात सर्वोच्च न्यायालयाने संसदेकडून पुरेशा शिक्षेची अपेक्षा व्यक्त केली होती. २०२२मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला, हरकती मागवल्या. दंड मात्र तोच राहिला.

घोडेवाला मला नंतर भेटला. त्याला तुरुंगातच टाकायला हवं, असं तोवर माझं ठाम मत होतं. तो म्हणाला, ‘ताई, फटाके माझे नव्हते. नवरदेव पडला असता तर मला जिवंत सोडलं असतं का?’ मला उत्तर सुचलं नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या २०१५मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या, तेव्हा मला निखळ आनंद झाला होता. त्या गाड्या हाकणाऱ्यांच्या पुनर्वसनाचं पुढे काय झालं, हे मी त्याच्याशी बोलून आल्यावर प्रथमच शोधू लागले.

तरीही दंड वाढलाच पाहिजे; हजारांत हवा, आणि गुन्हा दखलपात्र हवा. पण तो एकट्या घोडेवाल्यावर का? कलम अकरा ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं. मग माळ लावणारा त्यात येतो, उन्हात नाचत राहून घोडी ताटकळत ठेवणारेही यायला हवेत. वरातीची परवानगी देताना पोलीस आवाजाच्या आणि वेळेच्या अटी घालतात. त्याच कागदावर आणखी तीन अटी लिहाव्यात: काटेरी लगाम नको, घोड्याजवळ फटाके नकोत, भर दुपारची वरात घोड्यावरून नको. खाली सही वरपित्याची घ्यावी. त्यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही.